सोमवारी येणारा तारा

"अहो मॅडम, आत नाहीये म्हणजे नाहीये. विमान-बिमान असेल. जाऊ द्या ना."

हे वाक्य कुंदाबाई शेवाळ्यांना त्यांच्याच वेधशाळेच्या गच्चीवर, चारचौघांसमोर ऐकून घ्यावं लागलं. बोलणारे गृहस्थ कुठल्याशा सोसायटीचे सेक्रेटरी होते. बायकोमुलांना घेऊन आकाशदर्शनाला आले होते, आणि बोलून झाल्यावर लहान मुलाची समजूत काढावी तसे हसलेसुद्धा. कुंदाबाईंचं डोकं सणकलं. सणकणार नाही तर काय? आग्नेयेला वृश्चिकाच्या शेपटीकडे, ज्येष्ठा आणि मूळ यांच्या मधे, काल नसलेला एक तारा ढळढळीत चमकत होता. नुसती मान वर केली की दिसत होता! आणि गच्चीवरची झाडून सगळी माणसं एकेक करून दुर्बिणीत डोकावून येत होती आणि एकमेकांना सांगत होती की छे, तिथं काही नाही.

"तुम्हाला डोळे कशासाठी दिलेत देवानं?" कुंदाबाई कडाडल्या. "वर बघा ना! तो काय तिथं!"

सेक्रेटरींनी वर बघितलं, पुन्हा हसले. "आपल्या डोळ्यांचं काय खरं, मॅडम. मशीन खोटं बोलणार आहे का?"

करवंदी टेकडीवरची ही वेधशाळा संस्थानच्या काळातली. बाकीचे राजे विलायतेहून घोडे आणायचे, मोटारी आणायचे. इथल्या राजेसाहेबांनी जहाजातून पितळी नळीची लांबलचक दुर्बीण आणली आणि तिच्यासाठी टेकडीवर दगडी बुरूज बांधून वर लाकडी घुमट चढवला. पुढे संस्थान गेलं, विद्यापीठ आलं. संशोधनाच्या कामाला दुर्बीण केव्हाच म्हातारी झाली, पण मुलांना शिकवायला आणि लोकांना आकाश दाखवायला तिला तोड नव्हती. भौतिकशास्त्र विभागाच्या कुंदाबाई कित्येक वर्षं ती सांभाळत होत्या. बाईंच्या जिभेला धार होती. विद्यार्थी त्यांना टरकून असत आणि नोकरी लागली की पहिल्या पगाराचे पेढे त्यांनाच आणून देत.

या वेधशाळेची एक रीत होती. आयपीसला, म्हणजे दुर्बिणीच्या बघायच्या भिंगाला, डोळा लावणाऱ्याला आधी काही सांगायचं नाही. 'आता तुम्हाला शनीची कडी दिसतील' असं चुकूनही म्हणायचं नाही. बघणाऱ्यानं बघायचं आणि आपल्या तोंडानं सांगायचं. दिसलं तर काय दिसलं ते, नाहीतर सरळ 'नाही दिसलं'. आणि 'नाही दिसलं' म्हणणाऱ्याचं इथं कौतुक व्हायचं. कुंदाबाई त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायच्या, "शाबास! आज सगळ्यात खरं तूच बोललास." मग फोकस बघायचा, ढग बघायचा, भिंगावरचं दव बघायचं. शिकणं तिथूनच सुरू होतं असं बाईंचं म्हणणं होतं.

पाडव्याला स्वच्छदर्शी आला आणि 'नाही दिसलं' हे दोन शब्द वेधशाळेतून उठले ते उठलेच.

स्वच्छदर्शी म्हणजे आयपीसच्या जागी बसणारं मुठीएवढं यंत्र. बनवलं होतं बाईंच्या लेकीनं, मुक्तानं, तिच्या पुण्याच्या कंपनीत. शहराच्या झगमगाटानं आकाश पार फिकं पडलेलं, हवेत धूळ, आणि वर उपग्रहांची अशी वर्दळ की दुर्बिणीला डोळा लावला की काही ना काही रेघ ओढत जाणारच. मुक्ताच्या यंत्रात दुर्बिणीतून आलेला प्रकाश डोळ्यात जातच नसे. तो एका संवेदकावर पडे. त्या पुसट, थरथरत्या डागावरून आणि दुर्बिणीच्या रोखावरून यंत्र ओळखे की हा शनी, हा अमुक तारकागुच्छ. मग आपल्या भांडारातल्या लाखो स्वच्छ चित्रांच्या आधारानं त्या डागात जे हरवलंय ते भरून काढी. प्रकाश भरपूर असेल तर भरणा थोडा, प्रकाश कमी असेल तर भरणा जास्त. तयार झालेलं चित्र आतल्या नखाएवढ्या पडद्यावर उमटे, आणि तेही बघणाऱ्याचा डोळा जोखून. चष्म्याचा नंबर असो, मोतीबिंदू असो, चित्र त्या डोळ्याला सोसेल तसं बदले. आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना शनी एकदम टकाटक.

कुंदाबाईंनाही ते आवडलं होतं, खोटं कशाला बोला. यंत्र बसलं त्या दिवशी त्यांनी विभागात पेढे वाटले होते. लेकीनं पहिलं यंत्र आईच्या दुर्बिणीला लावलं, याचा कुठल्या आईला अभिमान वाटणार नाही?

आता मात्र त्या तरातरा जिना चढून घुमटात गेल्या. दुर्बीण त्यांनी स्वतः त्या ताऱ्यावर आणली, डोळा लावला. मागचे सगळे बारीक तारे स्वच्छ, टिपून ठेवल्यासारखे. मधे काळोख. तो तारा तेवढा नाही.

"दस्तगीर, जुनं आयपीस आण."

दस्तगीर मुजावर म्हणजे घुमट फिरवणारे, झडप उघडणारे, आणि बाईंचा राग सगळ्यात जास्त वर्षं सोसलेले गृहस्थ. "मॅडम, खाली माणसं ताटकळलीत," ते म्हणाले.

"ताटकळू देत."

त्यांनी स्वच्छदर्शी उपसून काढला, जुनं पितळी आयपीस बसवलं. चित्र पुसट झालं, थरथरलं, एक उपग्रह सर्रकन आडवा गेला. आणि मधोमध, पिवळसर पांढरा, तो तारा. बाईंच्या तोंडून नुसता "आई गं" एवढाच शब्द निघाला. दस्तगीरनी डोळा लावला आणि ते म्हणाले, "आहे की हो! मग एवढा वेळ कुठं गेला होता?"

हे बाईंनाही विचारायचं होतं. त्यांनी तिथूनच मुक्ताला फोन लावला.

"मुक्ते, तुझं यंत्र तारा खातंय."

"आई, निदान हॅलो तरी म्हण."

"वृश्चिकात नवतारा झालाय. मरून पडलेल्या ताऱ्यानं शेजाऱ्याचा वायू ओरबाडून गिळला आणि त्याचा भडका उडाला. हजारो वर्षं तिथं काही नव्हतं आणि आज आहे! गच्चीवरून दिसतोय, जुन्या आयपीसमधून दिसतोय. तुझ्या यंत्रातून नाही."

"हो, तो नाही दिसणार." मुक्ताचा आवाज अगदी शांत. "उपग्रह, ड्रोन, विमानं, संवेदकावरचे खराब ठिपके, हे सगळं काढून टाकायचं तर नियम एकच ठेवावा लागतो. ताऱ्यांच्या यादीत नाही ते पुसायचं. हा नवा, म्हणून पुसला गेला. काळजी करू नकोस. आमच्या लोकांनी बातमी पाहिलीय, अपडेट जातोय. सोमवारी येईल."

"कोण येईल?"

"तारा."

कुंदाबाईंनी फोन या कानाचा त्या कानाला नेला.

"अगं, तारा आलाय! तो सोमवारपर्यंत ताटकळत बसणार आहे का तुझ्यासाठी? चार दिवसांत विझत जाईल तो!"

"आई, मोठ्या दुर्बिणींनी तो टिपलाय. शास्त्राचं काही बिघडलेलं नाही."

"शास्त्राचं नाही गं, माणसांचं बिघडलंय. खाली गच्चीवर माणसं उभी आहेत. डोक्यावर तारा आहे आणि ती मला म्हणतायत की नाही म्हणून. कारण तुझं यंत्र नाही म्हणतंय."

मग मुक्ता म्हणाली, "तुझ्या जुन्या आयपीसमधून किती जणांना काही धड दिसायचं, आई? रांगेत तास तास उभं राहून एक पुसट ठिपका बघून जायची माणसं. हिरमुसून जायची. आता हसत जातात. हे तुला दिसत नाही का?"

"ठेव फोन," बाई म्हणाल्या आणि स्वतःच ठेवला.

दुसऱ्या दिवशी कुलगुरूंचं बोलावणं आलं. डॉ. विश्वंभर नाडगौडा हे गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी चहा मागवला, बिस्किटं पुढे केली, बाईंच्या सेवेचं कौतुक केलं. एवढी प्रस्तावना झाली म्हणजे पुढे काहीतरी वाढून ठेवलंय हे बाईंना अनुभवानं ठाऊक होतं.

"शिक्षणमंत्री येतायत पुढच्या शनिवारी. राज्यातल्या प्रत्येक शाळेत स्वच्छदर्शी. योजनेचं नाव आधी 'शाळा तिथे शनी' ठरलं होतं, पण मंत्रीसाहेबांचे ज्योतिषी म्हणाले, शाळेत शनी बसवू नका. म्हणून 'शाळा तिथे आकाश'. उद्घाटन आपल्याकडे! तुमच्या मुलीची कंपनी, आपली ऐतिहासिक वेधशाळा. दुधात साखर!"

"आणि माझं काम?"

"दोन शब्द बोलायचे. एवढंच म्हणायचं की या यंत्रातून आकाशाचं प्रत्यक्ष दर्शन होतं. वेधशाळेच्या प्रमुखांनी म्हटलं की शाळांना विश्वास वाटतो. जुनी आयपीसं आपण काचेच्या कपाटात ठेवू, छान दिवे लावून."

"प्रत्यक्ष?" कुंदाबाईंनी कप खाली ठेवला. "सर, देवळात गर्दी असली की आपण लांबून मुखदर्शन घेतो ना? हे तेवढंसुद्धा नाही. हे देवळाबाहेर देवाचा फोटो मिळतो, त्याचं दर्शन आहे. काल एक अख्खा तारा पुसलाय त्या यंत्रानं."

"सोमवारी येतोय असं ऐकलं."

"तुम्हालाही तोच निरोप मिळाला वाटतं!"

कुलगुरूंनी बिस्किट चहात बुडवलं. "मॅडम, लोक खूश आहेत ना?"

"लोक खूश आहेत, म्हणूनच माझा जीव जळतोय."

"मग असं करू," कुलगुरू त्याच गोड आवाजात म्हणाले. "तुम्हाला बोलणं जड जात असेल तर वेधशाळेचा कार्यभार दुसऱ्या कुणाकडे देऊ. त्यांना बोलायला लावू. तुमच्यावर बळजबरी नाही."

बाई उठल्या. एवढी वर्षं त्यांनी त्या घुमटाखाली माणसांना एकच गोष्ट शिकवली होती, की जे दिसेल तेवढंच बोल. आता ती जागा सोडायची, नाहीतर तिथंच उभं राहून न दिसलेलं दिसलं म्हणायचं. 'मी बोलेन' असं त्या म्हणाल्या. काय बोलणार हे त्यांनी सांगितलं नाही आणि कुलगुरूंनी विचारलं नाही.

सोमवारी तारा आला. खरंच आला! संध्याकाळी रांगेतल्या लोकांनी स्वच्छदर्शीत डोकावून "आला, आला!" म्हणत टाळ्या वाजवल्या, जणू पाहुणाच गाडीतून उतरला. बाईंनी साध्या डोळ्यांनी वर पाहिलं. तारा विझत आला होता. इतका, की शहराच्या उजेडात तो शोधायलाच त्यांना वेळ लागला. यंत्रातला मात्र ऐन भरातला होता, भांडारात जसा भरला तसाच. लोक त्या मेलेल्या उजेडाला टाळ्या देत होते आणि कुंदाबाई कठड्याशी उभ्या राहून दात-ओठ खात होत्या.

शनिवार उजाडला तो ढग घेऊन. मे महिन्याचे ते दाटून येणारे, न पडणारे ढग. दिवस मावळला तेव्हा आकाशाचा एक तुकडाही मोकळा नव्हता. पण कुणालाच त्याचं काही नव्हतं. खाली मांडव, खुर्च्या, ध्वनिक्षेपक, सरबत. पूर्वी ढग आले की बाई फाटकावर पाटी लावायच्या, 'आज आकाश दिसणार नाही.' दस्तगीरनी सवयीनं ती लावली होती, ती कुलगुरूंच्या माणसानं काढून टाकली.

आधी मंत्र्यांनी शनी बघायचा, मग खाली भाषणं, असा बेत होता. मंत्री घुमटात आले, मागून कुलगुरू, त्यांच्यामागे अधिकारी आणि फोटोवाले. मुक्ताही आली होती. पुण्याहून दुपारीच पोचली, पण आईशी तिचं 'जेवलीस का' पलीकडे बोलणं झालं नव्हतं. ती भिंतीशी हाताची घडी घालून उभी राहिली.

मंत्री खुर्चीवर बसले, डोळा लावला. "वा! काय ती कडी! वा, वा!"

कुंदाबाईंनी घुमटाच्या उघड्या झडपेतून वर पाहिलं. वर राखाडी ढगांचं छत होतं, शहराच्या दिव्यांनी तांबूस झालेलं. त्या ढगांमागे कुठंतरी शनी असेल. इथं मात्र त्याचा एक कणही पोचत नव्हता. प्रकाश कमी, तर भरणा जास्त, असं यंत्राचं गणित होतं. मग प्रकाशच नसेल तर? तेव्हा सगळा भरणाच की!

"दस्तगीर, झडप लाव."

"आत्ता? मॅडम, साहेब बघतायत."

"म्हणूनच लाव."

दस्तगीरनी एकदा कुलगुरूंकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. मग त्यांनी दोरखंड धरला आणि ओढला. गंजलेल्या चाकांवरून झडप खडखडत सरकू लागली. फट अरुंद होत गेली आणि शेवटी धाडकन मिटली. कुंदाबाईंनी दिवा लावला. डोक्यावर लाकडी घुमट, चहूकडून बंद, कोपऱ्यात कबुतराचं घरटं. आणि त्या बंद घुमटाकडे नळी रोखलेल्या दुर्बिणीला डोळा लावून मंत्री म्हणत होते, "अहाहा! अगदी हात लावावासा वाटतो हो!"

मंत्र्यांनी मान वर केली. "कसला आवाज झाला?"

"झडप लावली, साहेब," कुंदाबाई म्हणाल्या. "आकाश बंद केलं. तुम्हाला काय दिसत होतं?"

"शनी."

"कुठून?"

मंत्र्यांनी बंद घुमटाकडे पाहिलं, दुर्बिणीकडे पाहिलं, पुन्हा एकदा डोळा लावून खात्री करून घेतली. कुलगुरूंचा चेहरा पांढराफटक पडला होता. कुंदाबाईंना वाटलं, आता. आता तरी कुणीतरी बोलेल.

मंत्री खदखदून हसले. "अरे वा! म्हणजे हे पावसाळ्यातही चालणार! नाडगौडा, हे तुम्ही मला सांगितलंच नव्हतं!"

"बारमाही, साहेब," कुलगुरू चटकन म्हणाले. त्यांच्या तोंडावर रंग परत आला. "बारमाही आकाशदर्शन. शिवाय मॅडमनी प्रात्यक्षिकच करून दाखवलं!"

टाळ्या पडल्या. फोटोवाल्यांनी कुंदाबाईंचा फोटो घेतला. सगळी मंडळी हसत-बोलत जिना उतरून गेली, दस्तगीरही त्यांना दिवा दाखवायला गेले. घुमटात मायलेकी उरल्या.

"झालं समाधान?" मुक्ता म्हणाली. तिचा आवाज रागानं कापत होता. "मला सगळ्यांसमोर उघडं पाडायला निघाली होतीस ना?"

"तुला माहीत होतं. बंद घुमटातही हे दाखवतं, हे तुला माहीत होतं!"

"हो, होतं! पहिल्या आवृत्तीत आम्ही प्रकाश नसला की काळोख दाखवायचो. 'आत्ता काही दिसत नाही' असं लिहून यायचं. शाळांनी यंत्रं परत पाठवली, आई. पोरं रडतात म्हणाले. मग काढून टाकलं."

"पोरं रडतात म्हणून खोटं दाखवायचं? लाज नाही वाटली तुला? या घुमटाखाली लहानाची मोठी झालीस तू!"

"या घुमटाखाली!" मुक्ता हसली. "बाबांची बदली कायम परगावी, म्हणून रोज संध्याकाळी इथं. हो. मला काय दिसायचं माहितेय? काही नाही. शनीची कडी मी माझ्या यंत्रातून पहिल्यांदा पाहिली, आई. तिसाव्या वर्षी."

"काहीतरीच काय बोलतेस. पाच वर्षांची होतीस, कडी दिसली म्हणून उड्या मारल्या होत्यास. मी अख्ख्या कॉलनीत सांगत सुटले होते."

"तुझी शिस्त काय? डावा डोळा दुर्बिणीला, उजवा कागदाला. चित्र काढणाऱ्यानं उजव्या डोळ्यानं बघायचं नाही. स्टुलावर उभं करून तू माझा उजवा डोळा तळहातानं झाकलास. डाव्यातून नुसता धूर दिसत होता. मी म्हटलं, 'आई, नाही दिसलं.'"

मुक्तानं आपला उजवा डोळा तळहातानं झाकून दाखवला.

"लोकांच्या पोरांनी 'नाही दिसलं' म्हटलं की तू शाबासकी द्यायचीस. मला काय म्हणालीस आठवतंय? 'नीट बघ. माझी मुलगी ना तू?' रांगेतली सगळी माणसं बघत होती. तू दुसऱ्यांदा खेकसलीस, आणि मी म्हटलं, दिसली. कडी दिसली. मग तू मला उचलून घेतलंस. त्यानंतर मी दर वेळी, न बघताच, दिसलं म्हणत गेले. कुणा पोरावर तशी वेळ येऊ नये म्हणून मी हे यंत्र केलं. आता हवं तेवढं ओरड."

कुंदाबाई ओरडल्या नाहीत. मुक्ताचा डावा डोळा. गाडीच्या लायसन्ससाठी तपासणी झाली तेव्हा कळलं होतं की डोळा आळशी आहे, जवळजवळ निकामी. डॉक्टर म्हणाले होते, 'पाचव्या-सहाव्या वर्षी आणायला हवी होती हो. चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून हा कामाला लावता आला असता. आता उशीर झाला.' बाई तेव्हा शाळेवर चिडल्या होत्या, नवऱ्यावर चिडल्या होत्या, डॉक्टरवरसुद्धा. पोरीनं पाचव्या वर्षी सांगितलं होतं. नेमकं, स्वच्छ शब्दांत, ज्यांना सांगायचं त्यांनाच.

"माझी चूक," त्या म्हणाल्या. "माझीच. तुझा डोळा मी घालवला, मुक्ता. तू खरं बोललीस आणि मी तुला खोटं बोलायला लावलं."

मुक्ताला हे अपेक्षित नव्हतं. तिनं तोंड फिरवलं.

"पण आता तू ऐक." बाईंचा आवाज पुन्हा चढला, आणि या वेळी त्यात रागाशिवाय दुसरंही काही होतं. "मी एका पोरीवर खेकसले. तुझं यंत्र कुणावर खेकसणार नाही. गोड बोलून, डोळ्याला सोसेल तसं चित्र करून, प्रत्येक पोराकडून 'दिसलं' म्हणवून घेईल. ज्याचा डोळा तुझ्यासारखा आहे त्याच्याकडूनही! त्याला एकदा धूर दिसला पाहिजे, मुक्ता. त्याला 'नाही दिसलं' म्हणता आलं पाहिजे. नाहीतर त्याला डॉक्टरकडे कोण नेणार? मी जे तुझं केलं ते तू राज्यातल्या सगळ्या शाळांतल्या पोरांचं करायला निघालीस, आणि वर मला सांगतेस की पोरं हसतायत!"

मुक्ताचा हात आपसूक डाव्या डोळ्याकडे गेला आणि तिथंच राहिला.

खालून ध्वनिक्षेपकावर कुलगुरूंचा आवाज आला. "...आणि या अद्भुत यंत्राच्या निर्मात्या, आपल्या शहराच्या सुकन्या मुक्ता शेवाळे यांना मी मंचावर येण्याची विनंती करतो!" टाळ्या सुरू झाल्या.

"जा," कुंदाबाई म्हणाल्या. "वाट बघतायत. मी येत नाही. मला ते प्रत्यक्ष-बित्यक्ष म्हणणं जमायचं नाही, घेऊ देत कार्यभार काढून."

मुक्ता जिन्याकडे गेली. दाराशी एकदा थांबली, पण वळली नाही. तिची पावलं दगडी पायऱ्यांवरून खाली जाताना ऐकू आली. बाई गच्चीवर आल्या आणि कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. खाली मांडवात मुक्ता मंचावर चढत होती. कुलगुरूंनी तिच्या हातात पुष्पगुच्छ दिला, मंत्र्यांनी शाल घातली, फोटो झाले. मग तिनं पुष्पगुच्छ टेबलावर ठेवला आणि माईक हातात घेतला. टाळ्या थांबायची ती वाट बघत राहिली.

"माझ्या डाव्या डोळ्याला दिसत नाही," मुक्ता म्हणाली. "आणि मघाशी वर घुमटात मंत्रीसाहेबांनाही काही दिसलेलं नाही."